कुठल्या स्विफ्टचा?

नाना पेठेतल्या आमच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "स्विफ्टचा क्लच द्या." त्यावर माझा ठरलेला प्रश्न असतो, "कुठल्या स्विफ्टचा?" गिऱ्हाईक वैतागतं. त्याला वाटतं, बाईला यातलं कळत नाही. आत कोणी माणूस असेल तर बोलवा, असंही काही जण आडून सुचवतात. आत कोणी नाही. सासरे गेल्यापासून दुकान मीच बघते, आणि पेठेतले मेकॅनिक मला वहिनी म्हणून हाक मारतात ते पार्ट बरोबर निघतो म्हणूनच.

प्रश्न मात्र साधा आहे. स्विफ्ट २००५ साली आली ती १.३ लिटरच्या पेट्रोल इंजिनावर. २००७ मध्ये डिझेल आली. २०१० मध्ये पेट्रोलचं इंजिन बदलून १.२ लिटरचं झालं. २०२० मध्ये नवे प्रदूषण-नियम आले आणि डिझेल बंद पडली. २०२४ची गाडी तर तीन सिलिंडरवर आहे. नाव तेच, पण डिझेलच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा पीळ, १९० न्यूटन-मीटर, आणि त्याच काळातल्या पेट्रोलचा साधारण ११५. या दोघांना एकच क्लच कसा चालेल? शिवाय एकाच मॉडेलमध्ये कंपन्या मधेच, गाजावाजा न करता, पार्ट बदलतात. म्हणून मॉडेलचं नाव शोरूममध्ये ठीक आहे. पार्ट घेताना आरसीवरचा सतरा अक्षर-आकड्यांचा चॅसिस नंबर, इंजिन नंबर आणि बनावटीचं साल सांगा. आरसीचा फोटो मोबाइलमध्ये असला की माझं आणि तुमचं दोघांचंही काम होतं.

पण त्याही आधी एक गोष्ट बघायची असते, आणि तिथे मी स्वतःचं गिऱ्हाईक परत पाठवते. क्लच खरंच गेलाय का?

"पिकअप राहिला नाही" ही तक्रार क्लचची असेलच असं नाही. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या आसपास चालवा आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबा. इंजिनाचा आवाज आणि आरपीएमचा काटा वर पळाला, पण गाडी तिथल्या तिथेच राहिली, तर क्लच स्लिप होतोय. काटा आणि वेग दोन्ही मिळून मंद वाढत असतील तर क्लच बिचारा आपलं काम करतोय; एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बोचा पाइप यांच्याकडे बघा. गिअर खरखरत पडत असेल, रिव्हर्स अडत असेल, तर उलटी गोष्ट : क्लच पूर्ण सुटत नाही. त्याचं कारण कित्येकदा बाहेरच सापडतं. केबलच्या गाडीत केबल ताणली गेलेली असते. तेलावर चालणाऱ्या क्लचमध्ये अप्पर किंवा लोअर सिलिंडर झिरपत असतो. पेडलच्या मागे हात घालून ओलं लागतंय का बघायला पैसे पडत नाहीत. आवाजाचंही तसंच. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना पेडल दाबलं की घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. पेडल दाबल्यावर घरघर थांबत असेल तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर, आणि तिथे नवा क्लच टाकून काहीही साधत नाही.

एका काकांना मी अशीच क्लचची नवी केबल देऊन पाठवलं होतं. गॅरेजवाल्याने त्यांना पूर्ण सेटची चिठ्ठी लिहून दिली होती. तो गॅरेजवाला त्यानंतर काही दिवस माझ्याशी बोलत नव्हता.

आता क्लच खरंच गेलाय असं धरून चालू. आत असतं काय, हे कळल्याशिवाय निवड करता येत नाही. इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील नावाचं जड लोखंडी चाक असतं. त्याला टेकून क्लच प्लेट. तिच्यामागे फ्लायव्हीललाच बोल्टने आवळलेली प्रेशर प्लेट, आणि तिच्या पोटात पोलादी पत्र्याची एकच मोठी डायफ्रॅम स्प्रिंग. पाय पेडलवर नसतो तेव्हा ही स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकून स्प्रिंगच्या बोटांवर दाब देतं आणि पकड सुटते. मधल्या अवस्थेत, म्हणजे हाफ क्लचवर, प्लेट घासत असते. घासण्यासाठीच ती केलेली आहे, पण क्षणभर घासण्यासाठी.

मी गिऱ्हाइकाला डबा उघडून प्लेट हातात देते. तिच्या दोन्ही बाजूंना करडं-तपकिरी फेसिंग असतं. उजेडात तिरपं धरलं तर त्यात तांब्या-पितळेच्या तारेचे बारीक ठिपके चमकतात. काचतंतू, तार, राळ आणि रबर यांचं ते मिश्रण. पूर्वी यात अ‍ॅसबेस्टॉस असायचं, म्हणून जुन्या गाडीचा क्लच खोलताना आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका असं मी पोरांना नेहमी सांगते, आणि ती नेहमी उडवतात. फेसिंग रिव्हेटांनी बसवलेलं असतं आणि रिव्हेटांची डोकी खड्ड्यात खोल असतात. फेसिंग झिजत झिजत ही खोली अर्ध्या मिलिमीटरवर आली की प्लेट संपत आली समजायचं. त्यापुढे रिव्हेट फ्लायव्हीलला चरे पाडतात. दोन फेसिंगांच्या मध्ये लहरी असलेला पातळ पत्रा असतो. दाब येताना तो हळूहळू सपाट होतो, म्हणून गाडी धक्का न देता उचलते. मधल्या हबभोवतीच्या जाड स्प्रिंगा इंजिनाचे हिसके गिअरबॉक्सपर्यंत पोचू देत नाहीत. नकली मालात काटकसर होते ती या न दिसणाऱ्या जागांवर. रिव्हेटांची खोली जागोजाग वेगळी, हबच्या खाचांना खरखरीत धार तशीच, मधला पत्रा जवळजवळ सपाट. अशी प्लेट गाडीत बसते, चालतेही, पण पहिल्या गिअरला सुटताना गाडी थरथरते.

सासऱ्यांच्या काळी पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरसाठी नुसतं फेसिंग विकलं जायचं, जोडीवर. रिव्हेट वेगळे. मेकॅनिक जुनी प्लेट ठोकून नवं फेसिंग चढवायचा. आजही रिफेसिंग केलेल्या प्लेट स्वस्तात मिळतात, नव्या रंगात आणि नव्या डब्यात. मोटारगाडीसाठी मी त्या ठेवत नाही. फेसिंग नवं असलं तरी आतल्या स्प्रिंगा आणि लहरी पत्रा लाखभर किलोमीटर चाललेला असतो.

क्लच म्हणजे एकटी प्लेट नव्हे. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा तिघांचा सेट घ्यायचा. "नुसती प्लेट टाका, बाकी चांगलं आहे" असं सांगणारे भेटतात. कधी कधी ते खरंही असतं. पण खर्चाचा हिशेब बघा. लहान पेट्रोल गाडीचा सेट काही हजारांत येतो. त्यातलं बेअरिंग काही शेकड्यांचं. ते बदलायला मात्र अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ड्राइव्ह शाफ्ट काढावे लागतात, गिअर ऑइल जातं. बेअरिंग वाचवलं आणि ते चार महिन्यांनी ओरडायला लागलं, तर मजुरी पुन्हा तेवढीच. जुन्या प्रेशर प्लेटची स्प्रिंगही उष्णतेने मऊ पडलेली असते. तिच्यावर निळसर डाग दिसले तर विचारच करू नका. आणि गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर क्रँकचं मागचं ऑइल सील बघून घ्या. नव्या फेसिंगवर ऑइलचे चार थेंब पडले की सेट कितीही महागाचा असो, तो घसरणारच.

कंपनी कुठली, हा प्रश्न लोकांना सगळ्यात मोठा वाटतो. मला तो तिसरा-चौथा वाटतो. व्हॅलिओ, लुक, एक्सेडी, सॅक्स ही नावं तुम्हाला ऐकून माहीत असतील. हे लोक गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना क्लच पुरवतात आणि तेच स्वतःच्या डब्यातही विकतात. एक्सेडीचा कारखाना तर आपल्या संभाजीनगरला, चिकलठाण्यात आहे. जुने मेकॅनिक अजूनही त्या मालाला 'सीके डायकिन' म्हणतात. लुक मूळची जर्मनीतल्या ब्यूलची, आता शेफलरची. म्हणजे शोरूमच्या डब्यातला क्लच आणि मेकरच्या डब्यातला क्लच बऱ्याचदा एकाच घरचे असतात, फक्त डब्याचे पैसे वेगळे. तुमच्या गाडीत मुळात ज्या मेकरचा क्लच होता त्याचाच मेकरच्या डब्यातला घ्यायचा, हा माझ्या मते सरळ मार्ग. जुन्या प्लेटवर नाव कोरलेलं असतं. गिअरबॉक्स उतरल्यावर फोटो काढून पाठवायला सांगा. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र शोरूमलाच जा, उगाच वाद नको.

डुप्लिकेटचा धंदा नावाजलेल्या डब्यांवरच चालतो. होलोग्राम, कोड स्कॅन करणं हे कराच, पण त्याहून भरवशाची गोष्ट म्हणजे जीएसटीचं पक्कं बिल. ते द्यायला जो कुरकुरतो त्याच्याकडचा डबा उघडूही नका. एमआरपीबद्दलही एक सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी २८चा १८ टक्के झाला. जुन्या डब्यावर जुनी किंमत छापलेली असेल, तर बिलात कर किती लावलाय ते वाचा.

"जरा हेवीतला द्या" ही आणखी एक नेहमीची मागणी. हेवी म्हणजे टिकाऊ, अशी समजूत. ती चुकीची का, ते आकड्यांनीच सांगते. क्लचची पकड चार गोष्टींवर ठरते : स्प्रिंगचा दाब, फेसिंगचं घर्षण, प्लेट किती मोठी आणि घासणाऱ्या बाजू किती. समजा दाब ४,५०० न्यूटन आहे, म्हणजे साडेचार क्विंटलच्या आसपास वजन. घर्षणाचा गुणांक ०.३, बाजू दोन, आणि फेसिंगची सरासरी त्रिज्या ९ सेंटिमीटर. गुणाकार केला की २४३ न्यूटन-मीटर येतात. १९० टॉर्कच्या डिझेल इंजिनाला ही सव्वापटीहून थोडी जास्त पकड झाली. बनवणारा अशी शिल्लक ठेवूनच क्लच बनवतो. तुम्ही दाब आणखी वाढवलात तर पकड वाढेल, पण न वाढवताही ती पुरेशी होतीच. बदल्यात पेडल जड होतं, केबलवर ताण येतो, रिलीज बेअरिंग लवकर झिजतं, आणि रोज तासभर ट्रॅफिकमध्ये डावा गुडघा तुमचाच दुखतो. सिरॅमिक फेसिंगचे क्लच शर्यतीच्या गाड्यांना आणि ट्रॅक्टरांना शोभतात. ते एकदम पकडतात आणि फ्लायव्हील खातात. कर्वे रोडच्या सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये पाचदा थांबून सुटायचं असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

अपवाद आहे. हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा आला होता. त्याने डिझेल गाडीच्या ईसीयूची सेटिंग बदलून घेतली होती, आणि ट्यूनरच्या कागदावर टॉर्क २४० लिहिला होता. वरचा गुणाकार परत बघा : शिल्लक जवळपास संपली. साहजिकच चौथ्या गिअरमध्ये जोर दिला की त्याचा क्लच घसरायचा. त्याला जास्त दाबाची प्रेशर प्लेट, पण फेसिंग साधंच, असा सेट हवा होता. तसा मागवून दिला. त्याच्या वडिलांची वॅगनआर सोबत होती. तिलाही तसलाच हवा म्हणत होता. ९० न्यूटन-मीटरच्या गाडीला! तिला आपला साधा कंपनीचा सेट दिला.

गाडी कुठे आणि कशी चालते यावर निवड फार बदलत नाही, पण क्लचचं आयुष्य पार बदलतं. कुणाची प्लेट चाळीस हजारांत संपते, कुणाची लाखाच्या पुढे जाते. गाडी तीच, मेकर तोच. पावसाळ्यातल्या रविवारनंतरचा सोमवार आमच्या पेठेत ओळखू येतो. सिंहगडाच्या घाटात गाड्यांची रांग लागते आणि माणसं ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी चढावर तोलून धरतात. दहा मिनिटं असं केलं की जळक्या फेसिंगचा वास गाडीभर पसरतो; एकदा आलेला वास विसरता येत नाही. अशी जळलेली प्लेट हातात घेतली तर फेसिंग काळं, काचेसारखं गुळगुळीत झालेलं असतं आणि नखाने खरवडलं तर भुगा निघतो. अशा माणसाला मी महागातला सेट देऊन काय उपयोग? त्याला हँडब्रेकवर गाडी थांबवायला शिकायला हवं, आणि ते मी बिलात धरत नाही.

बिनक्लचच्या गाड्यांबद्दलही बोलावं लागेल. २०१४ मध्ये सेलेरियोबरोबर एएमटी गाड्या आल्या आणि लोकांना वाटलं, क्लचची कटकट गेली. गेलं ते पेडल. आत कोरडी क्लच प्लेट तीच आहे, फक्त ती दाबायचं काम पायाऐवजी यंत्र करतं. तुम्ही चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरलीत तर तीही तशीच जळते. या गाड्यांचा सेट घेताना एएमटी असल्याचं आवर्जून सांगा. बदलल्यावर स्कॅनर लावून क्लचचं कॅलिब्रेशन करावं लागतं. ज्या गॅरेजमध्ये तो स्कॅनर नाही, तिथे ही गाडी उतरवूच नका.

खरा मोठा खर्च येतो तो बऱ्याचशा मोठ्या डिझेल गाड्यांत असलेल्या ड्युअल मास फ्लायव्हीलमुळे. हे फ्लायव्हील एकसंध नसतं. दोन चाकं, मध्ये वळणदार लांब स्प्रिंगा आणि ग्रीस. डिझेलचे हिसके त्या गिळतात, म्हणून गाडी मऊ चालते. स्प्रिंगा सैल झाल्या की बंद करताना खडखड येते. याची किंमत क्लच सेटच्या कितीतरी पट, म्हणून मेकॅनिक ते लेथवर घासून परत बसवू म्हणतात. साध्या फ्लायव्हीलला ते चालतं, याला नाही. हे हाताने फिरवून आणि हलवून दोन चाकांमधला खेळ मापात आहे का बघतात, मापात नसेल तर बदलतात. तिसरा रस्ताही आहे : एकसंध फ्लायव्हील आणि त्याला जुळणारी, जास्त वळणाऱ्या स्प्रिंगांची प्लेट असा चार वस्तूंचा तयार सेट. व्हॅलिओ असे सेट काढते. स्वस्त पडतो, टिकतो, पण न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत गिअरबॉक्सची खुळखुळ ऐकू येते. टूरिस्ट गाडीवाले ती आनंदाने सहन करतात. घरची गाडी असेल तर मी मुळातलंच घ्या म्हणते. पाच-सहा महिन्यांत गाडी विकायची असेल तर काय करायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा.

सेट घरी नेलात म्हणजे संपलं नाही. जुनी आणि नवी प्लेट एकमेकींवर ठेवून व्यास आणि हबच्या खाचा जुळतात का, हे गॅरेजमध्ये उभं राहून बघा. चुकीचा पार्ट बसवण्याआधी परत घेते, बसवल्यावर नाही. प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून लावलेलं तेल पुसायला सांगा. प्लेटच्या एका अंगावर फ्लायव्हीलची बाजू छापलेली असते; ती उलटी बसली तर क्लच सुटतच नाही. हबच्या खाचांना ग्रीस लावायचं ते नावापुरतं, नाहीतर ते उडून फेसिंगवर जातं. बोल्ट एकाआड एक, थोडे थोडे आवळायचे. काही गाड्यांत आपोआप जुळवून घेणारी प्रेशर प्लेट असते. तिला बसवायचं वेगळं टूल असतं, ते नसेल तर नवी कोरी प्लेट बसवतानाच बिघडते. पहिले पाचशे किलोमीटर जोर लावू नका, घाट टाळा, फेसिंगला फ्लायव्हीलशी जुळू द्या.

जुना सेट गॅरेजवाल्याकडून मागून घ्या, भंगारात जायच्या आधी. तो माझ्याकडे आणलात तर का गेला ते सांगता येतं : कडेने झिजला, तेलाने भिजला की जळला. जळलेल्या प्लेटवर कुठलाच मेकर वॉरंटी देत नाही, हे मी बिल हातात देतानाच सांगून ठेवते. विशेषतः शनिवारी.